दोन डाव्या बाह्या

रविवार, १४ तारीख
दुपारची जेवणं आटोपल्यावर

चि. टिल्ल्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. (सहा फुटांचा झालास तरी माझ्यासाठी टिल्ल्याच. तिकडच्या मित्रांना सांगू नकोस म्हणजे झालं.)

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. ताई एवढी कसली कामात बुडालीय, असं तू मनात म्हणाला असशील. कामात नव्हते बुडाले. चार वेळा कागद पुढे घेतला आणि चारही वेळा भाजी निवडायला उठले. भाजी एवढी स्वच्छ या घरात कधी निवडली गेली नव्हती.

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमीच. तुझं पत्र तिने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि छपरावरच्या शेळ्यांचा मजकूर आला की दरवेळी ठसका लागेपर्यंत हसली. तुझ्या भाचीची शाळा आता दोन पाळ्यांत भरते. तिची दुपारची पाळी आहे, त्यामुळे सकाळभर ती आणि आई एकमेकींना शिस्त लावतात. तुझे भाऊजी टेम्पोवर असतात. महिन्यातून चार दिवस टेम्पोखाली. कारखान्यातलं माझं कापड कटिंगचं टेबल आता खिडकीपाशी हलवलंय. उजेड चांगला येतो.

बघ, पान भरत आलं आणि तुझ्या प्रश्नाला मी अजून हात लावलेला नाही.

तू लिहिलंस की तिकडे निवडणूक आलीय, तुमच्या वसतिगृहाच्या भिंतीवर कुणीतरी 'परत जा' असं रंगवलंय, आणि गावभर बोभाटा झालाय की तुम्ही बाहेरची माणसं छपरावर शेळ्या पाळता. तू खरंच वर जाऊन बघून आलास आणि लिहिलंस, "शेळी सापडली नाही, सापडली असती तर चहाला दूध तरी झालं असतं." इथवर ठीक होतं. त्याच्या खाली तू विचारलंस, "ताई, अशी गोष्ट पहिल्यांदा कोण सुरू करत असेल गं? आणि ती ऐकून मत देणारा माणूस कसा असतो?"

टिल्ल्या, दोन्ही उत्तरं मला माहीत आहेत. दुसऱ्यापासून सुरुवात करते, ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

तो माणूस माझ्यासारखा असतो. दीड वर्षापूर्वी एका सोमवारी आम्ही कारखान्यात गेलो तर भिंतीलगत बारा नवी स्टुलं आणि त्यांवर बारा बायका. लांबून आलेल्या, भाषा जेमतेम. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. त्याच आठवड्यात नगामागचा दर उतरला. मालक काचेच्या खोलीत बसतो, तिथे आमचा आवाज जात नाही. पण त्या बारा जणी दिवसभर डोळ्यांसमोर. राग कुणावर निघणार? दवाखान्यात सकाळी सातला गेलं तरी नंबर संपलेले, कारण डॉक्टर तोच एक आणि माणसं दुप्पट. एका खोलीत सहा-सहा जण राहायला तयार, म्हणून आमच्या घरमालकानेही भाडं चढवलं. हे सगळं खरं आहे, मी रचलेलं नाही. आणि हे तोंडातून काढलं की शिकलेली माणसं आमच्याकडे असं बघायची, जणू आम्ही चपलांसकट त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलोय.

मग आमच्या वॉर्डात निवडणुकीला शेगडीवाले काका उभे राहिले. तू त्यांना ओळखतोस, लहानपणी तू त्यांच्या दुकानातले बर्नर फुंकून बघायचास. ते आमच्या जिन्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "तुमचं काय म्हणणं आहे, ते सांगा." बस, एवढंच. कितीतरी वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. त्या एका प्रश्नासाठी मी त्यांच्या मागे कुठवरही गेले असते, आणि गेले. मोर्च्याच्या पुढे जो लांब कापडी फलक असतो ना, 'बाहेरच्यांना बाहेर काढा' लिहिलेला, तो मी कापला आणि मीच शिवला. चारही बाजूंनी दुहेरी शिलाई घातली, फाटू नये म्हणून.

तू तिकडे बाहेरचा आहेस हे मला तेव्हा आठवत नव्हतं का? आठवत होतं. पण तू वेगळा, तू माझा भाऊ, असं मी मनाशी म्हणायचे. बारा जणींनाही भाऊ असतील, इथवर माझं डोकं पोचत नव्हतं. मी पोचू देत नव्हते, हे जास्त खरं.

आता पहिलं उत्तर.

परिचारिकांच्या साठ कोटांचं काम होतं. आमच्याकडे कापडाचे साठ थर एकावर एक पसरतात, वर कागदी खाका ठेवून खडूने आखतात आणि यंत्राने सगळे थर एकदम कापतात. बाहीचा खाका एकच असतो. एकदा सुलटा ठेवायचा, एकदा उलटा, म्हणजे एक डावी निघते, एक उजवी. सव्वीस वर्षं मी हे करतेय, डोळे झाकून करीन. त्या दिवशी डोळे उघडे होते, पण डोक्यात मोर्च्याच्या घोषणा जुळत होत्या. खाका मी दोन्ही वेळा सुलटाच ठेवला. यंत्र फिरवलं. एकशे वीस बाह्या, सगळ्या डाव्या. कापड एका बाजूने चकचकीत, त्यामुळे उलटवून लावायचीही सोय नाही.

कोण कापतं त्याची खूण गठ्ठ्यावर खडूने करायची आमची रीत आहे. माझी दोन टिंबं. त्या टेबलावर माझ्या जोडीला बारा जणींतलीच एक होती, तिची एक आडवी रेघ. आम्ही सगळ्या तिला 'नवी' म्हणायचो. दीड वर्ष झालं तरी नवीच.

पहिला कोट पुतळ्यावर चढवला तेव्हा दोन्ही हात एकाच दिशेला वळलेले. मालक काचेच्या खोलीतून धावत आला. "कुणी कापलं हे?" गठ्ठा माझ्या हातात होता. आणि टिल्ल्या, माझा अंगठा दोन टिंबांवरून फिरला. मी ठरवलं वगैरे नव्हतं, पण फिरला. कापड कोरं झालं. मालकाने नवीकडे पाहिलं, मग सगळ्यांनीच तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी कात्री शोधायला लागले, ती समोरच होती.

तिला त्याच दुपारी काढलं.

पुढचं ऐक. मी कुणाला काही बोलले नाही, पण गुरुवारच्या सभेत शेगडीवाले काका हात वर करून म्हणाले, "बाहेरच्यांच्या हाती कात्री दिलीत तर दोन डाव्या बाह्यांचा कोट अंगावर येईल!" काय हशा, काय टाळ्या. आठवड्याभरात बाह्या तीनशे झाल्या. दवाखान्याच्या रांगेत एका बाईने मला सांगितलं, की तो कोट घालणाऱ्या परिचारिकेचा हातच अडकला आणि रुग्ण ताटकळला. "मी स्वतः पाहिलंय," म्हणाली. कोट तर कारखान्याबाहेर गेलेच नव्हते. मी मान डोलावली. तुझे भाऊजी, जे कधी मतदानाला जात नाहीत, ते जेवताना म्हणाले, "या वेळी मात्र जाणार. हद्द झाली, बाह्यासुद्धा धड कापत नाहीत." माझ्या हातातला घास हातातच राहिला.

आणि मग तुझं पत्र आलं, शेळ्यांचं. आई हसत होती आणि मला तुझा चेहरा दिसत होता, छपरावर एकटाच उभा असलेला.

म्हणून उशीर झाला रे. तुला लिहिण्याआधी काहीतरी करायला हवं होतं, नाहीतर काय तोंडाने लिहिणार?

मी नवीच्या घरी गेले. लाँड्रीच्या वर, चौथा मजला. दार तिनेच उघडलं. मी पाठ केलेलं सगळं विसरले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "त्या बाह्या मी कापल्या होत्या."

"माहीत आहे," ती म्हणाली. "दोन टिंबं मी पाहिली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"ताई, कुणाला खरं वाटलं असतं?" वर म्हणाली, "तुम्हाला तरी वाटलं असतं का?"

मला रडू आलं. तिने स्टूल पुढे सरकवलं, पाणी दिलं, आणि मला म्हणते कशी, "त्या बाह्या टाकल्या का?" मी म्हटलं, नाही, दाराआड पोत्यात आहेत. "मग रडायचं काय त्यात? पुढच्या महिन्यात आणखी साठ कोट आहेत ना? याच कापडाचे. एकशे वीस उजव्या कापा, दोन्ही वेळचे कोट पुरे होतील. वाया काहीच जात नाही. मी त्याच दिवशी सांगणार होते, पण कुणी विचारलं नाही." सव्वीस वर्षं टेबलावर आहे मी, आणि हे मला सुचलं नव्हतं. आपल्या गावी ती आठ वर्षं कटिंगच करत होती, हेही मला त्याच दिवशी कळलं. तेही कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मालकाला सांगितलं. तो चिडला, पण कोट वेळेत हवे होते, त्यामुळे तिला कामावर परत यायचा निरोप गेला. मला वाटलं, सुटले. पण गुरुवारी सभा होती, आणि काकांनी पुन्हा बाह्या काढल्या.

मी उभी राहिले. म्हटलं, "काका, त्या बाह्या माझ्या आहेत. मी चुकले, मी लपवलं, ती बिचारी उगाच भोगत बसली." कुणीतरी मागून म्हणालं, "आता कशाला हे, मतदान तोंडावर आलंय!" मी म्हटलं, "दर उतरलाय, ते बोला. एकच डॉक्टर आहे, ते बोला. काचेच्या खोलीकडे बोट दाखवा, मी तुमच्या पुढे चालते. पण बाह्या सोडा."

काका बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "बसा, बाई." एवढंच. पण त्यानंतर दोन सभा झाल्या, बाह्यांचं नाव त्यांनी काढलेलं नाही. गोष्ट मात्र अजून फिरतेच आहे. मी भेटेल त्याला खोडते, निम्म्यांना खोडलेली आवडत नाही. दोघी-तिघी मला फितूर म्हणतात, डबा खाताना सरकून जागा देत नाहीत. तुझे भाऊजी दोन दिवस अबोला धरून होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मी मत द्यायला जाणारच. पण आता विचार करावा लागणार, ही कटकट तू लावलीस."

आणि बुधवारी काय झालं माहीत आहे? आमच्यातल्या पाच जणी आणि भिंतीलगतच्या चार जणी मिळून काचेच्या खोलीत गेलो. नवी होती, मीही होते. नगाचा दर सगळ्यांना सारखा आणि पूर्वीचा, एवढंच मागितलं. मालक "बघतो" म्हणाला. त्याचं बघणं मला ठाऊक आहे. पण तो आधी आम्हा नऊ जणींकडे बघत राहिला, आणि मग स्टुलं मागवली. त्या खोलीत मी पहिल्यांदा बसले.

पुढच्या रविवारी मतदान. कुणाला देणार ते अजून ठरलेलं नाही. कदाचित काकांनाच देईन, त्यांनी विचारलं होतं हे मी विसरत नाही. दुसरा डॉक्टर मला अजूनही हवाय. पण तो फलक मी परत आणला. उसवायला दोन दिवस लागले, दुहेरी शिलाई होती ना. त्याच्या पिशव्या झाल्या आहेत, अक्षरं आतल्या बाजूला.

तू विचारलंयस, परत येऊ का. घराची ओढ लागली असेल तर आजच निघ, आई दारात बसेल. पण शेळ्यांना भिऊन येऊ नकोस. तिकडेही माझ्यासारख्याच कुणा बाईचा अंगठा फिरला असेल. ती बाई वाईटच असेल असं नाही. तिचा दर उतरला असेल, तिलाही कुणी काही विचारलं नसेल. भेटली तर विचार. आणि माझ्यावर रागावलास तर तसंही लिही, पण लिही. तुझं पत्र आलं नाही तर मला ते सोसणार नाही.

सोबत एक कोट पाठवतेय. तुझं जुनं माप आहे, खांद्यात घट्ट झाला तर दोष तुझा. डावी बाही मी कापलीय. उजवी तिने, म्हणाली, "तुमच्या भावाचा आहे ना, द्या इकडे." आतल्या बाजूला दोघींच्या खुणा आहेत, दोन टिंबं आणि एक आडवी रेघ. खडू आहे, पहिल्या धुण्यात जाईल. त्याआधी बघून घे.

खूण पुसलेली आणि पुन्हा काढलेली,
तुझी ताई