मले येत नाही

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

सबीहाचे पाय बघितले आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला. वरच्या मजल्यावरची माझी भाडेकरू. सातवा महिना, दिवसभर लॅपटॉपसमोर बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. म्हणाली, "काकू, बसून बसून सूज आली."

बसून अशी सूज येत नाही! नांदगाव खंडेश्वरच्या आरोग्य केंद्रात नर्स होती मी, अशा पावलांवर बोट दाबून खड्डा बघण्यातच उमर गेली. बीपी घेतलं. पुन्हा घेतलं, वाढलेलंच. तिला काही बोलली नाही. तिच्या नवऱ्याला, तौहीदला, दुकानातून बोलावलं आणि ऑटो थांबवला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आणलं. आता डाव्या कुशीवर झोपून राहायचं. मिठाला हात नाही.

सबीहा दवाखान्यात रडली नाही. घरी आल्यावर रडली — "काकू, मेरा प्रोग्राम!"

कसला प्रोग्राम ते उद्या विचारीन. आज वेळेत पाय दिसले, एवढंच. देवा, उपकार तुझे.

३ ऑगस्ट

प्रोग्रामचं नाव अवघड आहे — अनकॉन्फरन्स. म्हणजे परिषद, पण परिषदेसारखं काहीच नाही. वक्ते ठरलेले नाहीत. भाषणं नाहीत. सकाळी एक कोरा फळा ठेवायचा. ज्याला काही सांगायचं असेल, नाहीतर विचारायचं असेल, त्यानं आपला विषय फळ्यावर लिहायचा. मग ज्याला जो विषय आवडला त्यानं त्या कोपऱ्यात जाऊन बसायचं. कंटाळला तर उठून दुसरीकडे. कोणी राग मानायचा नाही!

विषय मोबाइलचे, कॉम्प्युटरचे. सबीहा पुण्यात असताना अशा ठिकाणी जायची. "तिथे सगळे हुशारच, काकू. माझं तोंडच नाही उघडलं कधी. म्हणून मले अमरावतीत असं करायचं आहे, जिथे ज्याले येत नाही तोच मोठा."

तारीख १४ सप्टेंबर. हॉल सांगून ठेवलेला. आणि ही परवा अकोल्याला आईकडे चालली, अंथरुणावर.

"तुमी करा ना काकू."

"मी? मले अजून फोटो पाठवता येत नाही!"

"इसीलिए तो."

हसली मी. हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

५ ऑगस्ट

तौहीद तिला अकोल्याला सोडून आला. तिच्या आईनं, आमिनाबाईंनी, माझ्यासाठी लिंबाचं लोणचं पाठवलं. सोबत निरोप — "पोरीचं मीठ बंद आहे, तिच्या वाटचं तुमी खा."

१० ऑगस्ट, रविवार

दुपारी श्यामचा फोन. हल्ली दुपारीच करतो. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे माझा मुलगा. उत्साहात सगळं सांगून बसली.

"आई, हे तुझं काम आहे का? तुला साधं ॲप टाकता येत नाही आणि तू टेक्नॉलॉजीचा कार्यक्रम घेणार? लोक हसतील."

"हसू दे."

"आणि कोण येणार आहे तिथे?"

फोन ठेवला तरी हातातच धरून बसली. वाईट नाही तो. पण फोनातलं काही विचारायला गेलं की म्हणतो "दे इकडे, मी करतो" — आणि करून टाकतो भराभरा, माझ्या डोळ्यांना दिसायच्या आत. शिकायचं कधी मग?

रागाच्या भरात सबीहाला फोन लावला. म्हटलं, करते मी.

ती "या अल्लाह!" म्हणून एवढ्या जोरात ओरडली की आमिनाबाई धावत आल्या. पोरीले काही झालं का! मला दोघींच्याही शिव्या बसल्या असत्या.

१२ ऑगस्ट

व्हिडिओ कॉल जमला!! आधी तिला माझं कपाळच दिसत होतं. "फोन खाली घ्या काकू. और नीचे. आता तुमचा पंखा दिसून राहिला." ती कुशीवर झोपलेली, म्हणून तिचा चेहरा आडवा. मीही मान आडवी करून बोलली. मान दुखून राहिली आता.

किती छान शिकवते पोरगी. चुकली की म्हणते, "बढिया! आता तेच पुन्हा चुका, मी बघते कुठं अडते ते."

१९ ऑगस्ट

शेषरावांकडे गेली. मंगल कार्यालय त्यांचं. पितृपक्षात लग्नं नसतात, हॉल रिकामा, म्हणून सबीहाला दिला होता. आज विचारतात —

"सिस्टर, हॉल तुमचाच. पन दीपप्रज्वलन कोनाच्या हातानं?"

"कोणाच्याच नाही."

"प्रमुख पाहुने?"

"नाहीत."

"मंग लोक येतीन कायले?" थोडं थांबून, "मी दोन शब्द बोलून देतो ना."

म्हटलं बोला की, पण आधी फळ्यावर विषय लिहा, लोकांना वाटलं तर बसतील तुमच्यापाशी. चेहरा बघण्यासारखा झाला! पण हॉल काढून घेतला नाही. मोठ्या मनाचा माणूस.

२४ ऑगस्ट

तौहीदचं फ्लेक्सचं दुकान आहे राजापेठेत. सध्या गणपतीची गर्दी, एकेका फ्लेक्सवर गल्लीभराचे चेहरे. त्यातून वेळ काढून आमचा फ्लेक्स बनवला. वर मोठ्ठ्या अक्षरात — मले येत नाही! खाली — मोबाइल-कॉम्प्युटरचा मेळावा. ज्यांना येत नाही त्यांनी जरूर यावे. तारीख, जागा. बस. चेहरा एकही नाही.

दुकानात एक गिऱ्हाईक उभं होतं. म्हणे, "फोटो राहून गेले भाऊ तुमचे."

तौहीद म्हणाला, "नाही राह्यले. हे असंच हाय."

निघताना मला म्हणाला, "काकू, त्या दिवशी तुमी पाय पाह्यले नसते तर..." मी विषय बदलला. दोघांचेही डोळे भरले असते आणि समोर गिऱ्हाईक!

२९ ऑगस्ट

सबीहाचं बीपी आटोक्यात. आज दुसरं काही लिहायचं नाही.

४ सप्टेंबर

एकही नाव आलं नाही. एकही! सबीहानं अंथरुणावरून नावनोंदणीची लिंक बनवून दिली, मी ती ओळखीच्या सगळ्यांना पाठवली (स्वतः पाठवली!), आणि कोणीच नाही. शेजारच्या बाई वर म्हणतात, "पित्रात नवीन काई सुरू करू नये सिस्टर."

श्यामचं बोलणं आठवलं. भाजी निवडत बसली आणि एकदम डोक्यात आलं — ज्याला फोनातलं काही येत नाही, तो फोनात नाव कसं नोंदवणार?

सबीहाला सांगितलं. म्हणते, "काकू, मी इंजिनिअर आहे हे कोणाले सांगू नका."

खूप हसलो. तिला हसू नको म्हणत म्हणत हसलो.

८ सप्टेंबर

पोलिओचा डोस पाजायला फिरायचो तशी फिरून राहिली. छत्री, पाण्याची बाटली, घर घर. गंमत अशी की कोणालाच अडचण नाही. "आमच्या पोराले सगळं येते." "नातवाले विचारून घेतो आमी."

"आणि तुमाले?" म्हटलं की बायका पदराशी चाळा करतात.

आज एक जण मात्र म्हणाली, "बाई, पोरगा सांगते पन वरडते." शेजारीण म्हणाली, "माहाही." मग तिसरी. दारातच बैठक झाली! चहा झाला. किती दारांत आत बोलावलं आज लोकांनी. नोकरी संपल्यावर वाटलं होतं, आता आपल्याला कोण ओळखणार. ओळखतात.

१३ सप्टेंबर, शनिवार

सकाळी दार वाजलं. श्याम! पाठीवर बॅग, दाढी वाढलेली, बारीक झालेला. "सुट्टी होती, आलो." चौकातला फ्लेक्स बघून आला होता. मला वाटलं आता हसेल. म्हणाला, "नाव चांगलं दिलंय, आई." बस, एवढंच.

दुपारी न सांगता तौहीदसोबत खुर्च्या लावायला गेला. किती बरं वाटलं काय लिहू.

१४ सप्टेंबर, रविवार

कुठून सुरू करू?

लोक आले! येत राहिले. आणि आले ते सगळे स्टेजकडे तोंड करून रांगेत बसले, पाहुण्यांची वाट बघत. मी फळा मांडला, खडू ठेवला, माईकवर सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, या, लिहा विषय. कोणी हललं नाही. फळा कोरा.

सबीहा तौहीदच्या फोनात, अकोल्याहून बघत होती. ती फक्त म्हणाली, "काकू, तुमचा विषय?"

मग मी खडू घेतला. माईकवर म्हटलं, "मी रुख्मिणी. मले फोटो पाठवता येते आता. पण आलेला फोटो पुन्हा कुठं शोधायचा ते समजत नाही. हा माझा विषय." आणि लिहिलं, वेडंवाकडं.

मागून शेषराव उठले. मला वाटलं आता भाषण!

"अरे माह्याही फोनात तेच होते! लोक लग्नाचा हॉल पाहाले फोटो मागतात, मले सापडतच नाही!" तरातरा पुढे आले आणि माझ्या ओळीखाली आपलं नाव लिहिलं.

मग धरणाचं दार उघडल्यासारखं झालं. खडूसाठी भांडणं! पैसे मागणारा फोन खोटा कसा ओळखायचा. अक्षरं मोठी कशी करायची. उर्दूत लिहिता येते का. एका कॉलेजच्या पोरीनं लिहिलं — मला येतं, पण आजीला सांगताना राग येतो, काय करू? त्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त खुर्च्या लागल्या. तौहीद फोन फळ्यासमोर धरून उभा, आणि सबीहा एक एक ओळ मोठ्यानं वाचून राहिली, आडव्या चेहऱ्यानं, रडत.

दुपारची गोष्ट लिहायलाच हवी. मोर्शीहून नत्थुजी आले होते, संत्र्याचा बगीचा आहे त्यांचा. विषय सांगितला — "घरच्या ग्रुपातले मेसेज पोळ्यापासून येनं बंद आहे. दुकानदार म्हनते फोन बदला." बिघडलेल्या फोनांच्या कोपऱ्यात श्याम मदतीला बसला होता, तिथे गेले. श्यामनं त्यांचा फोन घेतला आणि बघतच राहिला. मला वाटलं आता म्हणेल, मी करतो. त्यानं स्क्रीनवरचं पुन्हा वाचलं.

"सांग ना बाबू, का बिघडलं?"

"फोन चांगला आहे काका."

"मंग?"

श्यामनं फोन त्यांच्या हातात परत दिला. स्क्रीनवरच्या ओळीवर बोट ठेवलं. हळू आवाजात म्हणाला, "तुम्हाला ग्रुपमधून काढलंय."

नत्थुजींनी चष्मा वर केला, पुन्हा वाचलं. काढणाऱ्याचं नाव होतं — सागर.

"माहा पुतन्या," म्हणाले. "वावराच्या धुऱ्या-बांधावरून बोलाचाली झाली होती." मग बराच वेळ फोन उलटा-सुलटा करत राहिले. "मले वाटे, मीच कुठं चुकीचं बोट दाबलं."

मग त्यांनीच विचारलं, "ग्रुप मलेबी बनवता येते का?"

"येतो की."

"मंग शिकव."

आणि श्यामनं शिकवलं. स्वतः एकदाही बोट लावलं नाही. नत्थुजी चुकले, मागे आले, पुन्हा चुकले, हा थांबून राहिला. शेवटी ग्रुप झाला. श्याम म्हणाला, "आता माणसं घ्या. पहिलं कोणाला घ्यायचं?"

"सागरले घे," नत्थुजी म्हणाले. "लेकरू हाय."

श्याम उठून नळावर गेला. तोंड धुऊन आला तरी डोळे लाल. म्हटलं काय झालं. म्हणाला, खडूची धूळ.

आज मी कोणाकोणाचे आभार मानू?

१५ सप्टेंबर

अंग दुखतं आहे. सबीहाचा फोन, आमिनाबाईंचा फोन, आठवड्यात एकदा तरी हॉल उघडा ठेवतो म्हणून शेषरावांचा फोन! मग नत्थुजींचा — "सिस्टर, सागरनं अंगठा पाठवला. अंगठा म्हंजे का?"

"म्हणजे बरं वाटलं त्याले."

"असं." आणि फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पोळ्या लाटून राहिली होती. श्याम येऊन पाटावर बसला. म्हणाला, "आई, माझी नोकरी गेली. जूनमध्येच. कोणालाच सांगितलं नाही."

मी गॅस बारीक केला आणि त्याच्यासमोर बसली. म्हटलं, सांग. खूप वेळ सांगत होता. भाजी करपली. तशीच खाल्ली दोघांनी.