माझ्या ताब्यात नाहीत

आप्पा, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्ही तालुक्याच्या दिवाणी कोर्टात रेकॉर्ड सांभाळायचात, मी सौदीत दम्माममध्ये एका पाइपलाइनच्या कंपनीत कागद सांभाळते. साइटवरून आलेला प्रत्येक कागद स्कॅन करायचा, नंबर द्यायचा, कोणी नेला तर रजिस्टरवर सही घ्यायची. ही नोकरी लागली तेव्हा आई फोनवर म्हणाली, "बापाचंच काम करतेस." कौतुकानं म्हणाली की टोचून, ते मला आजही ठरवता येत नाही.

गेल्या वर्षी हफ्र अल बातिनजवळच्या एका कामावरून आमच्या कंपनीला काढून टाकलं. ज्यांचं काम होतं त्यांचं म्हणणं, आम्ही पाइपांची चाचणी खोटी दाखवली. आमच्या लोकांनी उलट त्यांच्यावरच दावा लावला. चाचणीत पाइपात दाबानं पाणी भरतात आणि एक यंत्र गोल कागदावर शाईची रेघ काढत जातं. रेघ सरळ गोल फिरली तर पाइप पक्का, आत झुकली तर कुठेतरी गळती. दाव्याला जोडलेले चार्ट मी पाहिले आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. तीन वेगळ्या दिवसांचे तीन चार्ट, आणि तिन्हींवर एकाच जागी तीच बारीक थरथर. मूळ चार्ट आले तेव्हा नोंद मीच केली होती. त्यातल्या दोन रेघा आत झुकलेल्या मला स्पष्ट आठवत होत्या. सर्व्हरवर शोधलं, तर जुन्या स्कॅनच्या जागी हे नवेच बसलेले. त्यानंतर ऑफिसात कोणी हसून बोललं तरी मला वाटे, ह्याला ठाऊक आहे. मॅनेजर हैदराबादचे. ते एकाएकी मला 'बेटा' म्हणू लागले, तेव्हा तर मी खुर्ची थोडी मागेच सरकवली.

कोर्टानं मूळ चार्ट मागितले. मॅनेजर माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "ओरिजिनल तो खलास. साइट पे ही गुम हो गए." दोन दिवसांनी माझ्या सहीचं पत्र कोर्टात गेलं: मूळ चार्ट माझ्या ताब्यात नाहीत. शब्दशः खरं होतं ते. चार महिन्यांपूर्वीच मॅनेजर ते घेऊन गेले होते.

सही करताना तुमची आठवण आली. मी दहा वर्षांची आहे, रविवार आहे. चिंचेची बरणी काढायला तांदळाच्या डब्यामागे हात घालते, तर लाल फडक्यात बांधलेली फाइल लागते. वर कोर्टाचा शिक्का. "आप्पा, हे काय?" तुम्ही उष्ट्या हातानंच पानावरून उठता. "घरात दिसलेलं बाहेर बोलायचं नसतं," एवढंच म्हणता, पण तसा आवाज मी तुमचा आधी ऐकलेला नसतो. त्याच आठवड्यात तुम्ही आईला सांगत होता, जमिनीच्या एका दाव्याची फाइल सापडत नाही, न्यायाधीश भडकलेत. महिनाभरात मला नवी कंपासपेटी मिळाली. पुढे फाइल सापडली, तुमच्यावर ठपका आला, बदली झाली. कदाचित तुम्ही ती कोणाच्या हाती लागू नये म्हणून घरी आणली असेल. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पटलं कधीच नाही. आणि विचारायला तुम्ही होतात तोवर मी विचारलं नाही.

मग कोर्टानं नेमलेला तज्ज्ञ ऑफिसात आला. सौदी इंजिनिअर, मऊ बोलणारा. माझं पत्र समोर ठेवून म्हणाला, "तुमच्या ताब्यात नाहीत. मग कोणाच्या?"

मॅनेजर माझ्याकडे बघत होते. मी रजिस्टर उघडून तज्ज्ञासमोर सरकवलं. तारीख, चार्टचे नंबर, मॅनेजरांची सही. त्यानं फोटो काढले, आभार मानले.

दावा फेटाळला गेला. कागद दडवले आणि बिनबुडाचा दावा लावला, म्हणून कंपनीला दंड झाला. बनावट चार्टची चौकशी वेगळी सुरू आहे आणि मॅनेजर घरी बसलेत. माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवणार नाहीत असं कळवलंय. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आता कोणी येत नाही. तुमचे जावई म्हणतात, "खरं बोललीस ना, मग झालं."

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच पुढचं लिहिता येतंय. तज्ज्ञानं जाता जाता विचारलं होतं, "पत्रातलं हे वाक्य तुम्हाला कोणी सांगितलं?" मी मॅनेजरांचं नाव घेतलं. त्यानं ते लिहून घेतलं. आप्पा, मॅनेजर फक्त "जवाब बना दो" एवढंच म्हणाले होते. वाक्य माझं होतं. दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा जमलं, आणि जमलं तेव्हा मला बरं वाटलं होतं.