चौकटीतलं पहिलं वाक्य

गोर्नो लिपोवो,
७ मे, संत गेओर्गीच्या सणाचा दुसरा दिवस

प्रिय नेवेना,

तू खुशाल असशील, तिकडे परदेशात तू सांभाळतेस ती म्हातारी वेळेवर जेवत असेल आणि तुझा गुडघा कुरकुरत नसेल अशी आशा करतो. इकडे आम्ही दोघं ठणठणीत. काल सणाचं कोकरू गिनाच्या बेकरीतल्या भट्टीत भाजून आणलं. खरपूस कातडी सगळी तुझ्या लेकीने पळवली, माझ्या वाट्याला हाडं. परसातल्या चेरी अजून मुगाएवढ्याच आहेत. पाऊसपाणी बरं.

इथवर लिहिलं तोवर झोर्नित्सा खांद्यावरून डोकावली.

"आजोबा, मला जांभई आली."

"अगं, पत्राची एक रीत असते."

"तेच म्हणतेय मी. नमनालाच घडाभर तेल. आई तिसऱ्या ओळीला पत्र मिटून ठेवील."

असा मान आहे या घरात माझा! चाळीस वर्षं छापखाना चालवला, गावातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाचं शोकपत्र या हातांनी जुळवलं, आणि सोळा वर्षांची पोर मला सुरुवात कशी करावी ते शिकवते. पण खरं सांगू? तिला तो हक्क आहे. नेवेना, तुझ्या लेकीने असा निबंध लिहिलाय की तिच्या शिक्षिका बोझिनोवाबाई तो वाचता वाचता शाळेच्या जिन्यातच खाली बसल्या! जिल्ह्यातून अकरा निबंध निवडले, त्यात हा एक. चोवीस तारखेला, अक्षरांच्या सणाला, वाचनगृहाच्या सभागृहात तिने तो सगळ्यांसमोर वाचायचा आहे. मी त्या दिवसापासून हवेत चालतोय. भाजीवाल्यालासुद्धा दोनदा सांगून झालं.

आता तू म्हणशील, बाबा, मूळ मुद्द्यावर या. येतो.

मला ठाऊक आहे की गावात लागलेला तुझ्या नावाचा कागद बघून तुझ्या मैत्रिणीने, साश्काने, सांत्वन करायला तुझ्याच नंबरावर फोन लावला आणि तू "बोल गं" म्हणताच ती किंचाळली. आणि रविवारी तू झोर्नित्साला काय म्हणालीस तेही तिने शब्दन् शब्द सांगितलं. "शेवटी छापलंच त्यांनी मला. तो कागद का लावला ते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहावं, मग मी सांगते निबंध वाचायचा की नाही." पोर तुझ्या होकाराशिवाय एक अक्षर वाचणार नाही. तेव्हा लिहितो. फोनवर तू आणि मी तीन वर्षांत "झोर्नित्साला देतो" याच्या पलीकडे गेलेलो नाही, तिथे हे कुठून जमायला.

झालं असं. निबंधाचा विषय होता 'घर'. पोर माझ्याकडे आली, "आजोबा, सुरुवात सांगा." मी छाती फुगवून सांगितली, "पुरातन काळापासून मानवाला घराची ओढ आहे." वाक्य मला अजूनही वाईट वाटत नाही! पण बोझिनोवाबाईंनी वही परत दिली. म्हणाल्या, "हे वाक्य यंदा मी चौदा वह्यांत वाचलंय. झोर्नित्सा, सुरुवात अशी हवी की रस्त्याने जाणारा माणूस थांबला पाहिजे."

आता आपल्या गावात रस्त्याने जाणारा माणूस कशापुढे थांबतो? खांबावरच्या काळ्या चौकटीपुढे. फोटो, नाव, वय, आणि जाऊन किती झाले ते: चाळीस दिवस, सहा महिने, वर्ष. पोर दुपारी शाळेतून आली ती थेट छापखान्यात. मी आत झोपलो होतो. तिने माझीच चौकट घेतली, तुझा तो निळ्या कॉलरचा फोटो घातला आणि खाली तिची सुरुवात टाकली. चौकटीत कशी दिसते ते बघायचं होतं तिला, बाकी काही नाही. यंत्र कायम सहा प्रतींवर लावलेलं असतं, तुला माहीत आहे. सहा निघाल्या. एक तिने वहीत घातली, पाच तिथेच विसरली. नेमक्या दोचोला जाऊन सहा महिने झाल्याच्या कागदांखाली.

सकाळी मी नेहमीसारखा खळीची बादली आणि ब्रश घेऊन निघालो. कागद आज जास्त वाटले, म्हटलं दोचोच्या घरच्यांनी जादा सांगितले असतील. चर्चचं दार, बेकरी, बसथांबा, वाचनगृहाचा फलक, स्मशानाचं फाटक. तू विचारशील, स्वतःच्या मुलीचा फोटो दिसला नाही? नाही दिसला. मी कागद पालथा धरतो, खळ लावतो, उलटा करून तळव्याने दाबतो आणि पुढे जातो. तुझी आई, केरा, गेल्यापासून मी त्या कागदांवरचे चेहरे बघत नाही.

दहाच्या सुमाराला मारामावशी आल्या. काळा रुमाल, हातात मयताच्या नावाने वाटायचा साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हांचा वाडगा आणि कार्नेशनची सहा फुलं.

"स्तामेनभाऊ," त्यांनी मला मिठीच मारली, "देव तुला बळ देवो."

"देईल. कोण गेलं?"

"अरे देवा! धक्क्याने भ्रमिष्ट झाला बिचारा."

"मारा, कोणासाठी आणलेत हे गहू?"

"तुझ्या नेवेनासाठी रे! बेकरीवर कागद आहे. तूच तर लावलास!"

नेवेना, छापखान्यापासून बेकरी दोनशे पावलं. मी टोपी न घालता निघालो. वाटेत केशकर्तनालयातले दोघं उठून उभे राहिले. कोणीतरी माझा दंड धरला. सगळ्यांना माहीत होतं. गावातल्या पाववालीला माहीत होतं, कुत्र्यालासुद्धा माहीत असावं, आणि बापाला कोणी सांगितलं नव्हतं. त्या दोनशे पावलांत मला तू मेलीस याचं दुःख करायलाही फुरसत झाली नाही. एकच डोक्यात घणासारखं पडत होतं. मला का नाही सांगितलं? मला आधी का नाही सांगितलं?

बेकरीपुढे पावाची रांग होती. बायका कागदाकडे बघून छातीवर क्रूस काढत होत्या आणि पुढे सरकत होत्या. गिना मात्र पिठाच्या हातांनी कमरेवर मुठी ठेवून कागदापुढे उभी.

"ये, ये," म्हणाली. "स्तामेनभाऊ, इथे लिहिलंय तुझी लेक रविवारी फोन करते. मेलेल्यांना लाईन कोण देतं रे? मलाही घेऊन दे, सासूला दोन शब्द सुनवायचे राहिलेत."

मी चष्मा लावला. लिहिलं होतं:

'नेवेना स्तामेनोवा कुत्सारोवा, वय एकेचाळीस. तीन वर्षं झाली, ती आमच्या दारातून आत आलेली नाही. ती जिवंत आहे. दर रविवारी चार वाजता फोन करते आणि जेवलीस का विचारते. आमच्या घरात दोन माणसं तिच्यासाठी शोक करतात. त्यातलं एक कबूल करत नाही.'

मी तिथेच पाव मोजायच्या फळीवर बसलो आणि हसायला लागलो. मग काय झालं ते गिनाला विचार. तिने मला आत नेऊन पाणी दिलं आणि भट्टीकडे तोंड करून बसवलं, म्हणजे रांगेला दिसू नये.

बघ गंमत. स्वच्छ लिहिलंय 'ती जिवंत आहे', आणि संध्याकाळपर्यंत आपल्या दारात नऊ वाडगे गहू जमले! सगळ्यांनी चौकट पाहिली, फोटो पाहिला, आणि खालचं काय असणार ते आपल्याला पाठ आहे असं समजून चालते झाले. कारण माझ्या चाळीस वर्षांच्या कागदांची सुरुवात एकच. 'अतीव दुःखाने आप्तेष्टांस कळवतो की.' गावाला मीच न वाचायची सवय लावली. पाची कागद मी पाण्याने भिजवून काढले. झोर्नित्सा दुसऱ्या बाजूने नखांनी खरवडत होती आणि रडत होती, मध्येच हसतही होती. म्हणाली, "आजोबा, एका माणसाने तरी पूर्ण वाचलं." लेखिका झाली गं ती! असं लेखिकाच बोलतात.

तर कागद का लावला याचं उत्तर हे. न बघता लावला. तुला मेलेली ठरवायचं माझ्या मनात नव्हतं. शपथेवर सांगतो.

इथे पत्र संपवता आलं असतं. काल संध्याकाळी संपवलंही होतं, पाकीट चिकटवायचं तेवढं बाकी होतं. आज पोर शाळेत गेली आणि मी ते परत वाचलं. गिनासारखं, कमरेवर हात ठेवून. तेव्हा दिसलं की सगळं लिहिलंय आणि जे लिहायचं तेच नाही. बोझिनोवाबाई मुलांना सांगतात म्हणे, सुरुवात तिथून करा जिथून पळून जावंसं वाटतं. मी तिथे शेवटी आलो, पण घे.

तीन वर्षांपूर्वी तुझी आई मंगळवारी पहाटे गेली. तिला माती दिल्यावर, गुरुवारी संध्याकाळी मी तुला फोन केला. लाईन लागत नव्हती असं तुला सांगितलं, पाद्रीबाबांना सांगितलं, झोर्नित्सालाही सांगितलं. लाईन मी लावलीच नव्हती. फोन मांडीवर घेऊन बसलो होतो. दुसऱ्यांच्या घरच्या शेकडो बातम्या जुळवल्या, आणि माझ्या घरची पहिली ओळ तोंडातून निघेना.

हे अर्धं खरं. तुझी लेक म्हणेल, आजोबा, उरलेलं?

उरलेलं असं की मला राग होता. तू परक्या म्हातारीचे पाय धुवायला गेलीस आणि आपल्या म्हातारीचे मला धुवावे लागले, हा राग. पैसे तू पाठवायचीस, औषधं त्याच पैशांची, केरा रोज तुझा फोटो पुसायची, हे सगळं दिसत असूनही राग. मनात आलं, राहू दे तिला तिकडे, कळेल उशिरा तेव्हा समजेल. केराच्या कागदावर 'शोकाकुल' खाली मी तुझं नाव जुळवलं होतं. मग काढलं. 'पती आणि नात' एवढंच ठेवून छापलं. तू तो कागद साश्काने फोनवर पाठवलेल्या फोटोत पाहिलास, मला माहीत आहे. त्या दिवसापासून तू आली नाहीस आणि मी गावाला सांगत फिरलो की मुलगी व्यग्र असते.

बेकरीकडे जाताना मला कळलं तुला काय केलं ते. माझी दोनशेच पावलं होती. तुझी तीन वर्षं.

माफ कर म्हणायला मला तोंड आहे की नाही ठाऊक नाही, पण म्हणतो. माफ कर, पोरी.

निबंधाचं तू ठरव. पूर्ण नक्कल सोबत आहे, पुढे तिने चेरीचं, आजीच्या उशीचं, तुझ्या फोनचं इतकं छान लिहिलंय की मी वेगळं काही सांगत नाही. सुरुवात नको असेल तर पेन्सिलने काट मार. पोर म्हणते, "माझ्याकडे दुसऱ्या सुरुवाती आहेत, आजोबा, आई एकच आहे." पण वाच म्हणालीस, तर ती सभागृहात तुझं नाव मोठ्याने घेईल आणि मी पहिल्या रांगेत बसून ऐकेन, अख्ख्या गावासमोर. 'कबूल करत नाही' या शब्दांपाशी सगळे माझ्याकडे वळून बघतील. बघू देत.

पाकिटात आणखी एक कागद आहे. आज सकाळी जुळवला, एक ओळ किंचित तिरकी गेलीय, सांभाळून घे. केराचाच आहे. फोटो तुला आवडायचा तो, हसतानाचा. खाली लिहिलंय, 'शोकाकुल: मुलगी नेवेना, पती स्तामेन, नात झोर्नित्सा.' एकच प्रत काढली आणि छापताना तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. गावात कुठेही लावलेला नाही. तो आधी तू वाचायचा.

तुझी वाट बघणारा, आणि हे तुला पहिल्यांदाच लिहून कळवणारा,
तुझा बाबा