दुसऱ्याच्या खुणेचं कोकरू

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण कालपासून मी मनातल्या मनात तुझ्याशीच बोलतेय, तेच आता लिहायला बसले. काल बारामतीच्या एसटी स्टँडवर इंदापूरच्या गाडीची वाट बघत होते आणि तुझ्या नातवाचा फोन आला. त्याच्या मालवाहू जहाजावर भर समुद्रात चाचे चढले होते. हा आणि बाकीचे खलाशी इंजिनाच्या खोलीत दार लावून बसलेले. सोडवायला आलं ते परक्या देशाचं लढाऊ जहाज. ऐकताना हातातली पिशवी सुटली. टोमॅटो फलाटभर घरंगळत गेले आणि मी नुसती बघत उभी.

तो म्हणाला, "अगं, आपण काय, ते काय, ना फार मोठे ना फार छोटे, मधलेच देश. एवढा समुद्र एकट्याला राखता येत नाही, म्हणून करार केलेत. जो जवळ असेल त्यानं धावायचं." हेच करार टीव्हीवर दिसायचे, पुढारी हात हातात घेऊन हसायचे, तेव्हा मी म्हणायचे, बोलाचीच कढी! आणि त्याच कढीनं माझं पोर जिवंत ठेवलं. मला अजून खरं वाटत नाही.

मग माझ्या लहानपणीचा वरकुट्याचा माळ आठवला. तीन घरांची मेंढरं रात्री एकाच तळावर बसवलेली. मोठ्या कळपवाल्याला कुणाची गरज नव्हती. आपण लांडग्याच्या भीतीनं एकत्र आलेलो, आणि आपसात रोज कचाकचा भांडणारे. आपल्या मेंढरांच्या पाठीवर निळी खूण, शेजाऱ्यांच्या लाल. एका सकाळी लाल खुणेचं कोकरू ओरडत आपल्यात शिरतं आणि तू त्याला सरळ आपल्या मेंढीला प्यायला लावतेस. मी किंचाळते, "आये, ही त्यांची खूण हाय! कालच भांडलीस न्हवं?"

तू मान वर न करता म्हणतेस, "भांडान माणसांचं हाय. आधी पाज, मग खूण बघ. उद्या आपलं त्येंच्यात गेलं मंजी?"



हे पत्र कुठं टाकणार? घडी करून उशाखाली ठेवते. पण एक सांगते, रागावू नकोस. "आई, एका जहाजानं वाचवलं आम्हाला," असं पोर म्हणालं, तेव्हा लागलं का, जेवलास का, काही विचारलं नाही मी. पहिल्यांदा तोंडातून निघालं, "कुणाचं रे जहाज?"