छत्री विसरणारा बदमाश

चि. भाचेबुवांस मामाचे आशीर्वाद. (हातचे राखून.) तुझी प्रकृती ठणठणीत असणारच, दुसऱ्याची टर उडवणाऱ्याला भूक चांगली लागते. इकडे सगळे खुशाल आहेत आणि मला नेमका त्याचाच संशय येतो आहे.

तू लिहिलेला पहिला सिनेमा म्हणून मामीने मला कुलूपदुरुस्तीचं दुकान बंद करायला लावून नेलं. मुख्य खलनायक पूल उडवतो, गोळ्या झाडतो, पण त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. त्याचा तो हडकुळा हस्तक आला की मात्र लोक थिएटर डोक्यावर घेत होते! मला वाटलं, तू टाळ्यांसाठी माणसं बसवलीस. (मागे वळून वळून चेहरे पाहत होतो, तर मागच्या बाईंनी मलाच दरडावलं.) मग तो तिजोरी फोडायला जातो, तिची बिजागरी करकरते आणि हा गाढव खिशातून तेलाची बाटली काढून तिला तेल घालत बसतो. तिजोरीचं दार दोनदा उघडून लावून बघतो, म्हणून पकडला जातो. सगळे हसून लोटपोट. मी हसलो नाही, कारण तशीच बाटली त्या वेळी माझ्या खिशात होती.

बरं, करकर मला सहन होत नाही हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, म्हणून तुला चहाडी कुणी केली ते शोधायला मी शेजारच्या शिंप्यावर पाळत ठेवली. पण तो दुसरा प्रसंग? 'बघून घेईन' म्हणून हस्तक दार आपटून जातो आणि लगेच खालमानेने परत येतो, 'छत्री राहिली.' अरे, हे आमच्याकडे दार लावून चाललेल्या भांडणात होतं! तिथे मी असतो, मामी असते आणि छत्री असते. छत्री कुणाला काही सांगत नाही.

मामीला आडून आडून विचारलं. ती म्हणाली, "अहो, तो मोठा गुंड कुणाच्या ओळखीचा असतो का? हा घरोघरी एक असतो. वाईट वागायचं ठरवतो आणि बिचाऱ्याला ते धड जमत नाही." तीनदा पाहून आली! हसून हसून डोळे पुसते. माझ्या विनोदांना ही बाई लग्नापासून हसलेली नाही. खरं सांगतो, मला त्या माणसाचा हेवा वाटतो. आता तो मीच, म्हणजे तक्रार तरी कुणाकडे करायची? गिऱ्हाइकंसुद्धा धडधाकट कुलूपं घेऊन येतात आणि माझ्या खिशाकडे बघत उभी राहतात. तेव्हा मुकाट्याने माफी माग, नाहीतर बघून घेईन.

तुझा
(अजून तरी) मामा

ता. क. दुसऱ्या भागात म्हणे तू त्या हस्तकाला सुधारणार आहेस. खबरदार! त्याला हात लावायचा नाही. फक्त अख्ख्या सिनेमात त्याच्या घरी कुणीच दिसत नाही, त्याचं मला वाईट वाटलं. तो चिडून निघाला की दारात कुणीतरी छत्री घेऊन उभं असू दे.

पुन्हा ता. क. हे पत्र टाकायला निघालो, तर 'कुणाला लिहिलंत?' यावरून शब्दाने शब्द वाढला. दार आपटून निघालो, मागे वळलो, तर ती छत्री घेऊन दारात उभी आणि चक्क हसत होती. ऐटीत छत्री घेतली, टपालपेटी गाठली, तेव्हा कळलं की पत्र घरीच राहिलं. परत आलो तोवर तिने ते वाचलं होतं. ती लिहायला सांगते आहे की हस्तकाला बायको खुशाल दाखव, पण तिच्या सवयी मामाला विचारायच्या नाहीत.

(ती आत गेली. विचार. दुकानाच्या पत्त्यावर.)