दोन इंच वजा

ता. २ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

टाचणीला शाळेतून काढून तू घरातच शाळा उघडलीस, हे वाचले. अभिनंदन. एकतीस वर्षे मुख्याध्यापिका म्हणून मी उगाच फळे, बाक आणि घंटा यांच्यामागे धावले. एक शिलाई मशीन आणले असते तर भागले असते. बटणांवर पाढे, इस्त्रीच्या वाफेवर विज्ञान, चिंध्यांवर भूगोल! इतिहासाला गिऱ्हाइकांना दिलेले तुझे वायदे आहेतच, त्यांतले काही बरेच प्राचीन आहेत.

मुलगी नऊ वर्षांची आहे. तुझ्या हौसेपायी तिचे वर्ष वाया जाऊ नये, एवढेच म्हणते. राग येईल तेवढा येऊ दे, लोभ मात्र कमी करू नकोस.

तुझी ताई


ता. ९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. सोबत माझंच मागचं पत्र लाल शाईनं तपासून पाठवलंस, त्याबद्दल आभारी आहे. दहापैकी चार गुण म्हणजे तुझ्या मानानं उदारच झालीस.

शाळेचं म्हणशील तर डबाभर बटणांचे सारखे ढीग घालून भागाकार झाला. बाह्या बेतताना अर्धा, पाव, पाऊण झालं. वाचन मात्र मी शिकवत नाही, मशीन शिकवतं. वर्गात वाचताना ती अडखळायची, म्हणून बाईंनी तिला बाकावर उभं केलं. मुलं हसली. पुढे दोन महिने ती घराबाहेर कुणाशी बोलली नाही. हे मी तुला कळवलं नव्हतं. आता मी मशीन सुरू केलं की ती शेजारी बसून मोठ्यानं वाचते. खडखडाटात आपलं अडखळणं ऐकू जात नाही असं तिला वाटतं. मला सगळं ऐकू येतं.

वीस तारखेला शाळेत तिची परीक्षा आहे. उतरली तर वर्षभर घरी, नाही तर त्याच वर्गात, त्याच बाईंपुढे. लोभ आहेच, या खेपेला थोडा धीरही पाठव.

तुझी धाकटी


ता. २१ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू जिंकलीस, पेढे वाटायला हरकत नाही. भागाकार, अपूर्णांक, लेखन सगळं बरोबर. मोजमापात शून्य, आणि एका विषयात नापास म्हणजे सगळ्यात नापास. पेन्सिल सात इंच होती, हिनं पाच लिहिली. वही नऊ इंच, हिनं सात.

कारण मला तिथल्या तिथे कळलं. आमच्याकडे टेप आईचीच. तिचे पहिले दोन इंच नाहीत, म्हणून येईल त्यातून दोन वजा करायचे, हे टाचणीच्या हाताला बसलंय. शाळेच्या धड फूटपट्टीवरही तिनं इमानानं दोन वजा केले. मी सांगायला गेले तर बाई म्हणाल्या, शिंपिणीच्या मुलीला निदान मोजता तरी यायला हवं होतं.

त्या दोन इंचांपायी लहानपणी मी मार खाल्ला. ते मी कापले नव्हते, हे आईला शेवटपर्यंत पटलं नाही. आता लेकीची पाळी. एक तारखेपासून ती वर्गात जाईल. कालपासून पुन्हा गप्प आहे. लोभाचं काय ते तूच ठरव.

तुझी धाकटी


ता. २६ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

या पत्रात उपदेश नाही, शोधू नकोस.

ते दोन इंच मी कापले. वक्तृत्वाच्या बक्षिसात मिळालेल्या पुस्तकात खूण म्हणून घालायला मला फीत हवी होती. आईने विचारले तेव्हा मी तुझे नाव सांगितले. तू पाच वर्षांची होतीस, तुझे कोण ऐकणार होते? पुढे एकतीस वर्षे मी फळ्यावर 'नेहमी खरे बोला' असे वळणदार अक्षरात लिहीत आले. अक्षराचे फार कौतुक व्हायचे.

काल सकाळच्या बसने तुमच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना सगळे सांगितले. मी चूक कबूल करते आहे हे पाहून मलाच घाम फुटला. तीस तारखेला मोजमापाची परीक्षा पुन्हा होईल. येताना तुझ्या दारावरून गेले, मशीनचा आवाज येत होता. आत यायचे धाडस झाले नाही.

सोबत दोन इंच पाठवते आहे. लोभ मागायचा हक्क राहिलेला नाही, तरी मागते.

तुझी ताई


ता. १ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मी पास झाले. परीक्षा दुसऱ्याच सरांनी घेतली. उत्तरं मोठ्यानं सांगायची होती. मी बाकाखाली पाय हलवत राहिले, मशीन चालवताना हलवतात तसे, आणि सगळी सांगितली. दोनदाच अडखळले.

तुझा तुकडा आईनं टेपला शिवला. आधी ती तुझ्यावर खूप ओरडली. तू इथे नव्हतीस, म्हणून मला ऐकावं लागलं. मग तुकडा हातात धरून रडली. आता टेप पुरी आहे, पण आई सवयीनं अजून दोन वजा करते. काल एका काकांची पँट आखूड झाली. आई म्हणते, हीसुद्धा ताईच्याच नावावर मांड.

तुझी शिक्षा ठरली आहे. इथे येऊन राहायचं आणि मी वाचत असताना मशीन चालवायचं. हळू चालवलंस तरी चालेल. आता मला थोडाच आवाज लागतो.

लोभ घेऊन ये, लाल पेन आणू नकोस.

तुझी टाचणी