तयार फोल्डरला हात लावू नका

प्रिय बारक्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. बाबा बरे आहेत असं म्हणवत नाही, पण आहेत. तीन आठवड्यांपूर्वी बाथरूममध्ये पडले. डावा हात हलतो, माणसं ओळखतात, सगळं कळतं. वाचा मात्र गेली. फोन तू घेत नाहीस, आणि ईमेल लिहून काढली तर ती पाठवायला बोट धजावेना. का धजावेना ते पुढे येईलच. तोवर शिव्या राखून ठेव.

तू ती वेबसाइट बनवलीस तो आठवडा आठवतो? घड्याळांचं दुकान विकून झालं होतं. बाबा दिवसभर खिडकीत बसायचे आणि समोरच्या इमारतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे म्हणून कुढायचे. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून तू त्यांना समजावलंस, की मोठा कारभार काही नको. दुरुस्तीच्या नोंदी साध्या फाइलींत लिहून ‘मजकूर’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकायच्या. एक कमांड दिली की तुझा छोटासा प्रोग्रॅम त्या साच्यात घालून पानं बनवेल, ‘तयार’ फोल्डरमध्ये ठेवेल आणि इंटरनेटवर चढवेल. बाबा म्हणाले, म्हणजे साचा एक आणि तबकड्या शंभर. तुझा चेहरा असा काही फुलला, की मी दोघांना जेवायलासुद्धा उठवलं नाही. मग तू कॉम्प्युटरच्या वरच्या कपाटावर ती चिठ्ठी चिकटवलीस, ‘तयार फोल्डरला हात लावू नका. लिहायचं ते मजकूरमध्येच.’ आणि रविवारी जुनी गिऱ्हाइकं आली. पानं दाखवता दाखवता बाबा म्हणाले, पोराने आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी पुरं केलं. सगळे हसले. मीही हसले, तेही आज सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी सकाळी तू बॅग भरलीस, त्याला आता दोन वर्षं झाली.

या वर्षी बाबांनी पुन्हा नोंदी सांगायला घेतल्या. ते सांगणार, मी टाइप करणार. पण तुझ्या साध्या फाइलीतली बारीक अक्षरं त्यांना दिसेनात, आणि मध्येमध्ये ठळक अक्षरांच्या खुणा म्हणून घालायच्या त्या फुल्या बघून चिडायचे. तयार पानावर मोठ्या अक्षरांत स्वतःचं नाव दिसलं की मात्र कळी खुलायची. म्हणून मी आपली अक्कल चालवली. एखाद्या तयार पानाची त्याच फोल्डरमध्ये नक्कल करायची, पत्रं टाइप करायच्या प्रोग्रॅममध्ये ती उघडायची, जुना मजकूर खोडायचा आणि नवा तिथेच लिहायचा. चिठ्ठी डोक्यावरच होती. मला वाटलं, हात लावू नका म्हणजे काही पुसू नका. मी तर भर घालत होते! अशा चौदा नोंदी झाल्या. सगळ्या झाल्या की एकदम चढवू, असं बाबांचंच म्हणणं होतं.

चौदावी संपली त्या दुपारी मात्र त्यांना दम निघेना. आत्ताच्या आत्ता पाठव, म्हणाले. तू जाताना ठेवलेल्या सूचनांच्या वहीत बघून मी कमांड दिली. पडद्यावर भराभर ओळी धावल्या, शेवटी ‘झालं’ आलं आणि आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. बाबा आडवे झाल्यावर मी पानं बघायला गेले, तर चौदातलं एकही नाही. तुझी कमांड आधी तयार फोल्डर धुऊनपुसून रिकामं करते आणि मग मजकूरमधून सगळं नव्याने बनवते, हे मला कॉम्प्युटरवाल्याने सांगितलं. मजकूरमध्ये मी काही ठेवलंच नव्हतं. कॉपी ठेवली होती का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, ठेवली असती तर तुमचं तोंड बघायला आले असते का? दोन दिवस त्याने खटपट केली. हाती आली ती तुझ्या वेळची जुनी पानं.

बाबांना मी पाठवलं म्हणूनच सांगितलं. काहीतरी निमित्त काढून पुन्हा वदवून घेईन, असा विचार होता. चौथ्या दिवशी ते पडले. डॉक्टर म्हणतात वाट बघा. मी रोज कॉम्प्युटर पुसते आणि नुसती त्याच्यासमोर बसते. दुसरं काय करणार?

तेरा नोंदी घड्याळांच्या होत्या, बारक्या. चौदावी तुझ्यासाठी होती. त्या रविवारबद्दल. पाऊण तास सांगत होते, तीनदा मला खोडायला लावलं. त्यातलं शब्दाला शब्द आठवतं ते एवढंच: ‘चार गिऱ्हाइकांत मोठं व्हायला मी माझ्या पोराला लहान केलं. घड्याळ बिघडलं तर आधी आपला हात तपासावा, हे मी जगाला शिकवलं आणि घरात विसरलो.’ पुढे बरंच होतं. मी पदरचं घालून लिहायला बसले होते, पण ते माझंच वाटायला लागलं, म्हणून फाडलं. बाबांना वाटतं तू ते कधीच वाचलंस. रोज सकाळी डाव्या हाताने कॉम्प्युटरकडे बोट दाखवतात आणि भुवया उंचावतात, की त्याचं काही उत्तर? मी मान हलवते, नाही. मग ते खिडकीकडे तोंड फिरवतात. मला हे रोज बघवत नाही रे. तू ये. त्यांच्यासमोर बस आणि वाचलं म्हण. खोटं होणार नाही. जेवढं उरलंय तेवढं तू आत्ताच वाचलंस.

तुझीच, चिठ्ठीखाली बसूनही न वाचणारी,
ताई